पन्नास चौरस मीटर आणि वि. म. दांडेकर

अर्थशास्त्र, समाजशास्त्र असलं काही शिकलेल्या माणसाला लग्नात, बारशात, ट्रेनमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो. तुमच्या त्या रिसर्चचा उपयोग काय हो, सरकार तुमचं ऐकतं का? आपण मग कायतरी गोलगोल बोलतो, एखाद्या समितीचं नाव घेतो, समोरचा मान हलवतो आणि जिलेबीकडे वळतो. मी हल्ली याचं उत्तर वेगळं देतो. मी म्हणतो, सरकार शिफारशी ऐकतं की नाही ते सोडा, पण मोजायची पद्धत एकदा का सरकारी फॉर्मात शिरली ना, की ती निघत नाही. ज्याने ती शोधली तो जातो, त्याचं नाव विसरलं जातं, सरकारं बदलतात, योजनेचं नाव चारदा बदलतं, आणि तो रकाना तिथंच असतो. आणि त्या रकान्यावर लोकांच्या खात्यात पैसे येतात किंवा येत नाहीत.

आमच्याकडे लातूर भागात हे दरवर्षी ऑक्टोबरात बघायला मिळतं. पीक कापणी प्रयोग. पीकविम्याची भरपाई यावरून ठरते. ज्यांची शेती नाही त्यांनी हे कधी बघितलं नसेल म्हणून जरा सविस्तर सांगतो, कारण सगळी गंमत त्याच्यातच आहे.

गावातले गट नंबर घेऊन त्यातून रँडम नंबर टेबलने शेत निवडलं जातं, म्हणजे कुणाच्या मर्जीने नाही. त्या शेतात जायचं, नैऋत्येचा कोपरा धरायचा, आणि पुन्हा रँडम आकडे बघून तितकी पावलं लांबीच्या दिशेने, तितकी रुंदीच्या दिशेने आत चालत जायचं. जिथं पोचाल तिथं खुंटी ठोकायची. तिथून १० मीटर बाय ५ मीटरचा चौकोन आखायचा, दोरी ओढायची. आता चौकोन खरंच काटकोनात आलाय का हे कसं बघणार, तर कर्ण मोजायचा, तो ११ मीटर १८ सेंटिमीटर भरला पाहिजे. पायथागोरस बिचारा सोयाबीनमध्ये उभा. मग त्या दोरीच्या आतलं सगळं पीक कापायचं, ताडपत्रीवर बडवायचं, उफणायचं आणि वजन करायचं. ग्रॅममध्ये. हे वजन गुणिले दोनशे म्हणजे हेक्टरी उत्पन्न, कारण पन्नास चौरस मीटर दोनशे वेळा घेतले की एक हेक्टर होतो.

काकांच्या शेजारच्या गटात असा प्रयोग लागला होता तेव्हा मी गावी होतो, मुद्दाम बघायला गेलो. कृषी सहायक, तलाठी, सरपंच, पोलीस पाटील, विमा कंपनीचा एक पोरगा मोबाईल घेऊन, दोन बाया विळे घेऊन, आणि आजूबाजूच्या रानातली पंधरावीस माणसं ज्यांचं तिथं काहीच काम नव्हतं पण जी जायला तयार नव्हती. सगळं छान चाललं होतं. वाद सुरू झाला दोरीपाशी. दोरीखाली जे झाड येतं त्याचं काय करायचं? बूड आत आहे आणि फांदी बाहेर, ते घ्यायचं की सोडायचं? कंपनीचा पोरगा म्हणे बूड आत आहे म्हणजे आत. शेतकरी म्हणे अहो बूड दोरीवर आहे, आत कुठाय. कृषी सहायक वैतागला, म्हणाला दोन्ही बाजूंनी खेचू नका, दोरी हलतीय. मग शेंगा फुटून जमिनीवर पडलेले दाणे वेचायचे का यावर पुन्हा एक सेशन. एक म्हातारा बांधावरून ओरडला, "आरं दाणं मोजताय का माणसं मोजताय!" सगळे हसले, पण पाच मिनिटांनी पुन्हा तेच.

एका झुडपावरून एवढा वाद कशाला, असं पुण्यामुंबईत बसून वाटेल. हिशोब बघा. आकडे समजा म्हणून घेतोय. आपल्या महसूल मंडळाचं (काही गावं मिळून एक मंडळ, भरपाई त्या सगळ्याच्या सरासरीवर ठरते) सोयाबीनचं मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांचं सरासरी उत्पन्न हेक्टरी १५ क्विंटल आहे. जोखीमस्तर ७० टक्के, म्हणजे या सरासरीच्या सत्तर टक्क्यांच्या खाली गेलं तरच भरपाई, ते उंबरठा उत्पन्न झालं साडेदहा क्विंटल. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५० हजार. यंदा मंडळात जे प्रयोग झाले त्यांची सरासरी आली ९ क्विंटल. तूट दीड क्विंटल, साडेदहातली दीड म्हणजे १४ टक्क्यांच्या वर, भरपाई हेक्टरी ७ हजार १४३ रुपये. आता प्रत्येक प्लॉटमध्ये फक्त अर्धा किलो जास्त भरला असता तर? अर्धा किलो गुणिले दोनशे म्हणजे एक क्विंटल. सरासरी १०, तूट अर्धा क्विंटल, भरपाई २ हजार ३८१. आणि पाऊण किलो जास्त भरला तर पुरे साडेदहा, भरपाई शून्य. मंडळातल्या प्रत्येकाला शून्य, ज्याचं सगळं गेलं त्यालाही शून्य. म्हणून लोक दोरी धरून भांडतात, आणि बरोबर भांडतात.

तर ही दोरी आली कुठून? इथून पुढे मला खरं सांगायचंय.

आधी असं काही नव्हतं. इंग्रजांच्या काळात पिकाचा अंदाज म्हणजे नजर. गावचा कामगार बांधावर उभा राहून बघायचा आणि सांगायचा की सोळा आण्यातलं आठ आणे पीक आहे. आणेवारी ती हीच, आज पैसेवारी म्हणतो, पन्नास पैशाच्या आत आली की दुष्काळी सवलती लागू व्हायच्या. ती पद्धत अजूनही समांतर चालूच आहे, सप्टेंबरात नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. तर १९२० च्या दशकात बिहार-ओरिसात हबॅक नावाच्या एका आयसीएस अधिकाऱ्याने नजरेऐवजी रँडम जागी पीक कापून वजन करायचे प्रयोग केले. मग बंगालमध्ये कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेचे महालनोबिस आले, तागाचे सर्व्हे, मग भाताचे. आणि दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत १९४० पासून बसले होते पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातलं बुध हे त्यांचं गाव, १९११ चा जन्म, फर्ग्युसनमध्ये शिकून लंडनला जाऊन संख्याशास्त्रात डॉक्टरेट केलेला माणूस.

महालनोबिस आणि सुखात्मे यांचं जुंपलं ते याच दोरीवरून. महालनोबिस यांचा कल लहान प्लॉटकडे, त्यांच्या संस्थेच्या परंपरेतनं पुढे चारेक फूट त्रिज्येची वर्तुळं कापायची पद्धत आली. लहान प्लॉट म्हणजे कमी वेळ, मग तेवढ्याच पैशात जास्त जागी मोजता येतं. सुखात्मे म्हणाले लहान प्लॉट खोटं बोलतो. का, तर कडेमुळे. कापणारा माणूस कडेवरचं झाड सोडत नाही, आत ओढतो, ते काही लबाडीने करत नाही, हातच तसा चालतो. आता एक मीटर बाय एक मीटरच्या प्लॉटला एका चौरस मीटरमागे चार मीटर कड असते. दहा बाय पाचला पन्नास चौरस मीटरमागे तीस मीटर, म्हणजे चौरस मीटरमागे फक्त साठ सेंटिमीटर. कड जितकी जास्त तितकी चोरी जास्त आणि उत्पन्न फुगून दिसणार. सुखात्म्यांनी वेगवेगळ्या आकाराचे प्लॉट शेजारी शेजारी कापून हे दाखवलं आणि १९४६ साली 'नेचर'मध्ये छापलं. त्यांच्या परिषदेने वापरलेला मोठा प्लॉट होता ३३ फूट बाय साडेसोळा फूट, एकराचा ऐंशीवा भाग. मीटरमध्ये करा, दहा बाय पाच होतो.

म्हणजे त्या दिवशी आमच्या शेजारच्या रानात झाडाचं बूड आत की बाहेर हे जे चाललं होतं ना, तो जवळजवळ ऐंशी वर्षं जुना, जगातल्या भारी जर्नलमध्ये छापला गेलेला वाद होता. आणि तिथं कुणालाच ते माहीत नव्हतं, कशाला असेल.

त्या भांडणाचा दुसरा भाग मला तर जास्त इंटरेस्टिंग वाटतो. कोण मोजणार? महालनोबिस यांचं म्हणणं होतं की यासाठी वेगळी, ट्रेन केलेली, फिरती माणसं हवीत, ज्यांचा महसूल खात्याशी संबंध नाही. सुखात्मे आणि त्यांच्याबरोबर पानसे वगैरे मंडळी म्हणाली, देशभर आधीच गावागावात महसूल आणि शेती खात्याचा माणूस आहे, त्यालाच शिकवा आणि त्याच्याकडूनच करून घ्या, नाहीतर परवडणार नाही आणि टिकणार नाही. काही वर्षं दोन्ही चाललं, देशात धान्य किती पिकलं याचे दोन वेगळे सरकारी आकडे यायचे आणि त्यावरून पुन्हा वाद. शेवटी राहिली ती खात्याच्या माणसांची पद्धत. आज आपल्या बांधावर दोरी घेऊन तलाठी आणि कृषी सहायक दिसतात, एखादा तिऱ्हाईत दिसत नाही, याचं मूळ तिथं आहे. माझं मत विचाराल तर परवडण्याच्या बाबतीत सुखात्मे बरोबर होते, पण महालनोबिस यांची शंका आज खरी ठरतेय. कारण तेव्हा हे आकडे फक्त दिल्लीला जायचे, देशात धान्य किती हे कळायला, त्यात तलाठ्याचं काही जात नव्हतं आणि येत नव्हतं. आज तोच आकडा पैसे वाटतो. आणि तो आकडा लिहिणारा माणूस त्याच गावात रोज चहा पितो.

हा आकडा पैसे वाटायला कधी लागला, तर तिथं येतात दांडेकर.

अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर हे नाव मराठवाड्यात माझ्या पिढीपर्यंत तरी ऐकून माहीत असतं ते अनुशेषामुळे, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या भागांच्या थकबाकीमुळे. १९८३ ची सत्यशोधन समिती, १९८४ चा अहवाल, ३ हजार १८६ कोटींचा अनुशेष. त्यांची रीत काय, तर राज्याची सरासरी काढायची आणि जो जिल्हा सरासरीच्या खाली आहे त्याचा खालचा गॅप म्हणजे अनुशेष. त्याच्या आधी १९७१ साली त्यांनी आणि नीलकंठ रथ यांनी देशातल्या गरिबीचा हिशोब मांडला, १९६०-६१ च्या किमतीत खेड्यात महिन्याला माणशी १५ रुपये आणि शहरात साडेबावीस, रोजच्या २२५० कॅलरीवरून काढलेले. त्यावरून पुढे सुखात्म्यांशीच त्यांचं वाजलं! दोघं साताऱ्याकडचेच (दांडेकरांचा जन्म साताऱ्याचा), उतारवयात दोघंही पुण्यात, आणि भांडतायत कशावरून तर सरासरीवरून. सुखात्म्यांचं म्हणणं, माणसाची गरज रोज सारखी नसते, शरीर जुळवून घेतं, त्यामुळे सरासरी गरजेच्या खाली गेला तो प्रत्येक जण उपाशी असं धरता येत नाही. दांडेकर आणि बाकीचे म्हणाले असं धरलं तर उपाशी माणसं कागदावरून गायब होतील. यात मी दांडेकरांच्या बाजूचा आहे, पण ते असो, तो वेगळा लेख होईल.

पीकविम्याचं मात्र थोडं नीट सांगायला पाहिजे. १९७० च्या सुमारास केंद्राने धर्म नारायण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, तिने सांगितलं की भारतात पीकविमा करणं काही शहाणपणाचं नाही. तरी १९७२ मध्ये गुजरातेत एच-४ या संकरित कापसावर एक प्रयोग सुरू झाला, तो होता एकेका शेतकऱ्याचा वेगळा विमा, म्हणजे तुमचं नुकसान झालं की येऊन बघणार आणि देणार. पुढे आणखी काही पिकांवर आणि राज्यांत गेला, १९७८-७९ पर्यंत चालला. शेतकरी सगळे मिळून ३ हजार ११०, हप्ता जमा झाला साडेचार लाख आणि भरपाई गेली ३७ लाख ८८ हजार. आटपाट नगरच झालं ते.

दांडेकर तेव्हा गोखले इन्स्टिट्यूटचे संचालक, बीएमसीसी रोडवरची ती दगडी संस्था. १९७६ च्या जूनमध्ये त्यांनी एक लेख लिहिला आणि त्यात धर्म नारायण समितीचं म्हणणं खोडून काढलं. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा होता की वैयक्तिक विमा इथं चालणारच नाही, कारण कुठल्या शेतकऱ्याचं नेहमीचं उत्पन्न किती याची नोंदच कुणाकडे नाही. शिवाय भरपाई मिळणार म्हटल्यावर माणूस शेवटची फवारणी कशाला करेल. आणि लाखो शेतं तपासायची कुणी? मग करायचं काय, तर एकसारखं हवामान, एकसारखी जमीन असलेला एक भाग घ्यायचा, त्या भागाचं सरासरी उत्पन्न घसरलं की त्या भागातल्या सगळ्या विमाधारकांना सारख्याच प्रमाणात भरपाई द्यायची. कुणाच्या शेतात जाऊन बघायचं नाही. यात एक फार हुशार गोष्ट आहे. एकटा शेतकरी काही भागाची सरासरी हलवू शकत नाही, त्यामुळे त्याने मेहनत घेतली तर ते जास्तीचं उत्पन्नही त्याचं आणि भरपाई आली तर तीही त्याची. आळशीपणाला बक्षीस नाही.

१९७९ पासून जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशनने ही पद्धत पायलट म्हणून चालवली. १९८४ पर्यंत ६ लाख २७ हजार शेतकरी, हप्ता १ कोटी ९७ लाख, भरपाई १ कोटी ५७ लाख. आधीच्या प्रयोगाच्या आकड्यांशेजारी ठेवा म्हणजे कळेल दिल्लीत कुणाचे डोळे का चमकले. १९८५ ला देशव्यापी योजना आली, मग १९९९ ला राष्ट्रीय कृषी विमा, मग २०१६ ला प्रधानमंत्री पीक विमा. नावं बदलली, हप्ते बदलले, खाजगी कंपन्या आल्या. क्षेत्राची सरासरी हा गाभा तोच.

आता मला नेहमी वाटतं की दांडेकर इतके पटकन का जिंकले? त्यांचं लॉजिक चांगलं होतं हे खरंच, पण चांगलं लॉजिक कपाटात धूळ खात पडलेलं आपण रोज बघतो. मला वाटतं ते जिंकले कारण त्यांना लागणारा आकडा आधीच तयार होता. क्षेत्राचं सरासरी उत्पन्न पाहिजे? सुखात्म्यांची दोरी देशभर दरवर्षी पडतच होती. तलाठी होता, फॉर्म होता, वजनकाटा होता, मागच्या वर्षांचे आकडेही फायलीत होते. सरकारला नवीन काही उभं करायचं नव्हतं, जुन्या रकान्यातला आकडा नवीन रकान्यात न्यायचा होता फक्त. मंत्रालयात एखादी कल्पना चांगली आहे का या प्रश्नाच्या आधी विचारतात, याला वेगळा स्टाफ लागेल का. नाही म्हटलं की फाईल पुढे जाते.

आणि त्याच कारणाने दांडेकरांची अट मात्र गळून पडली.

अट होती एकसारखं क्षेत्र. पूर्ण इमारत त्या अटीवर उभी आहे. शितावरून भाताची परीक्षा होते ती केव्हा, जेव्हा एकाच पातेल्यातला, एकाच आचेवर शिजलेला भात असेल तेव्हा. पण एकसारखं क्षेत्र नावाचं ऑफिस भारतात कुठंच नाही. त्याचा नकाशा नाही, त्याला अधिकारी नाही, त्याचा शिक्का नाही. तालुक्याला आहे. म्हणून १९८५ च्या योजनेत बहुतेक ठिकाणी तालुकाच एकक झाला. आता डोळ्यासमोर आणा आपला कुठलाही तालुका, एका टोकाला कॅनॉलचा ऊस आणि दुसऱ्या टोकाला मुरमाड माळ, आणि दोघांची मिळून एक सरासरी. पुढे राज्यागणिक एकक लहान होत गेलं, २०१६ च्या योजनेने मुख्य पिकांसाठी ग्रामपंचायत म्हटलं, आपल्याकडे महाराष्ट्रात महसूल मंडळ आहे. तालुक्यापेक्षा बरंच, पण मंडळ म्हणजेसुद्धा वीसपंचवीस गावं होतात कुठं कुठं. आणि मंडळ आखलं गेलं ते महसुलाच्या सोयीने, जमिनीचा पोत बघून कुणी आखलं नाही.

मंडळाला किमान दहा प्रयोग. दहा गुणिले पन्नास, पाचशे चौरस मीटर. मंडळात समजा पाच हजार हेक्टर सोयाबीन असेल तर हा एक लाखातला एक भाग झाला. हे ऐकून लोक भडकतात, मी एकदा गावात हे बोललो तर एकाने शिवीच घातली (मला नाही, आकड्याला). पण स्टॅटिस्टिक्सवाल्याला विचारलं तर तो म्हणेल एक लाखातला एक भाग यात गैर काही नाही, प्रमाण महत्त्वाचं नसतं, विविधता किती आहे ते महत्त्वाचं असतं. सगळीकडे सारखंच पीक असेल तर दहा प्लॉट पुष्कळ झाले. एका बाजूला दहा क्विंटल आणि दुसऱ्या बाजूला दोन असेल तर दहा प्लॉट म्हणजे नशिबाचा खेळ, कारण रँडममध्ये सात चांगल्या बाजूला पडले की संपलं. म्हणजे पुन्हा तीच अट. एकसारखं क्षेत्र असेल तर दोरी खरं बोलते.

यात भर म्हणजे शून्याचं काय करायचं. २०२५ च्या सप्टेंबरात आमच्याकडे, धाराशिव, बीड, सोलापूर सगळीकडे जो पाऊस झाला, नदीकाठची जमीन मातीसकट खरडून गेली, तिथं निवड झालेला गट असेल तर? शून्य लिहायचं. सोपं वाटतं ना, पण माणसाचा स्वभाव असा की पीकच नाही म्हटल्यावर पाय आपोआप शेजारच्या उभ्या पिकाच्या रानाकडे वळतात, काहीतरी कापायला आणि वजन करायला मिळालं पाहिजे, मोबाईलमध्ये फोटो टाकायचाय. आणि शून्य वगळलं की सरासरी लगेच वर. दहा प्लॉटमधले दोन शून्य काढून टाका आणि बाकीच्या आठांची सरासरी काढा, साडेसातची सरासरी थेट नऊच्या पुढे जाते. कुणी पैसे खाल्ले नाहीत, कुणी खोटं लिहिलं नाही.

या सरासरीच्या जाचामुळेच मधे वैयक्तिक पंचनाम्याचे प्रकार योजनेत आले. गारपीट झाली, पाणी साचलं, की ७२ तासांत ॲपवर कळवा, माणूस येऊन बघेल. लोकांना हे आवडलं, साहजिक आहे, निदान कुणीतरी माझ्या शेतात आलं. पण दांडेकरांनी ज्या भीतीने वैयक्तिक विमा नको म्हटलं होतं ती सगळी भुतं परत आली. माणसं अपुरी, रेंज नाही, ७२ तास उलटून गेले, टक्केवारी कुणी टाकली कशी टाकली माहीत नाही. २०२३ ला राज्याने एक रुपयात विमा केला, त्या खरिपात अर्ज गेले १ कोटी ७० लाखांच्या घरात, आणि मग बातम्या यायला लागल्या की सरकारी जमिनीवर, देवस्थानच्या जमिनीवर विमे काढलेत. २०२५ ला एक रुपया बंद झाला, खरिपाला दोन टक्के हप्ता परत आला, आणि ते वैयक्तिक नुकसानीचे प्रकार काढून भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर आली. म्हणजे फिरून १९७६ च्या लेखावर. आणि नेमका त्याच वर्षी तो सप्टेंबर आला.

गावात याला लॉटरी म्हणतात. पेपरात लेख येतात की सरासरीची पद्धतच रद्द करा, प्रत्येकाच्या शेताचा वेगळा पंचनामा करा. मला हे पटत नाही, आणि गावात मी हे बोललो की एकटाच पडतो. प्रत्येक शेताचा पंचनामा म्हणजे प्रत्येक शेतासाठी एक माणूस, आणि त्या माणसाच्या हातात पेन. आमच्याकडे ते पेन कुणाच्या बाजूने चालतं हे सगळ्यांना माहीत आहे. दोन एकरवाल्याच्या बाजूने तर नाहीच. दोरी निदान रँडम पडते. हल्ली उपग्रहाच्या अंदाजालाही काही पिकांना भारांक देतात, त्याचंही तेच, एकक मोठंच ठेवलं तर आकाशातून बघून तीच सरासरी थोडी लवकर कळेल, बाकी काय. भांडायचं असेल तर एककाच्या आकारावर भांडा, प्रयोगांच्या संख्येवर भांडा, शून्य लिहिलं की नाही त्यावर भांडा. दांडेकरांचा अर्धा विचार सरकारने घेतला, उरलेला अर्धा मागायला आपलं काही जात नाही.

हे सगळं दिवाळीत मी काकांना समजावून सांगत होतो, सुखात्मे, महालनोबिस, कड, सगळं. त्यांनी अडकित्ता बाजूला ठेवून नीट ऐकलं, मधे मधे हूं हूं केलं. त्यांचं रान माळाकडच्या अंगाला आहे, मंडळातली काळी रानं ओढ्याच्या पलीकडे, पावसाचं यंत्रसुद्धा पलीकडेच बसवलंय. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले,

"म्हंजे त्या दांडेकरानं मंडळ म्हनलंच नव्हतं?"

"नाही. एकसारखं क्षेत्र म्हटलं होतं."

"आन् मग हे माळ आन् काळी एकात कुनी घातली?"

म्हटलं कुणी मुद्दाम नाही घातली काका, मंडळाचं ऑफिस आधीपासून होतं.

"मग दुसरं हापिस मागू की. लिही अर्ज."

मी हसलो तर ते हसले नाहीत. चुलतभावाला कागद आणायला लावला. शेवटी पीकविम्यासाठी मंडळाचे दोन भाग करा असं न लिहिता आम्ही आधी माहिती मागायची ठरवली. मागच्या सात वर्षांत मंडळात सोयाबीनचे जे प्रयोग झाले त्यांचे गट नंबर आणि वजनं. ओढ्याच्या अलीकडचे किती, पलीकडचे किती, ते त्यावरून आपणच मोजू शकतो, आणि आकडे हातात असले तर ग्रामसभेत ठराव घेता येईल. काकांना माहितीचा अर्ज फार मिळमिळीत वाटला, त्यांना सरळ कलेक्टरला जाऊन भेटायचं होतं. पण सही केली. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून तो अर्ज तहसीलला दिलाय, आणि चुलतभाऊ मला रोज विचारतो की गट नंबर आले तर नकाशावर ठिपके तूच टाकणार ना, कारण त्याला एक्सेल येत नाही.